सायबर सुरक्षेचे पदव्युत्तर शिक्षण : पालकांसाठी थोडी माहिती

विहारात रविवारच्या वंदनेनंतर कोणी ना कोणी पालक आम्हांला गाठतात. "भाऊ, पोराला हॅकिंगच्या क्लासला घालावे म्हणतो. फीसाठी बँक कर्ज देईल का?" बँकेत नोकरी म्हणजे संगणकातले सगळे कळते, हा समज काही खरा नव्हे, आम्ही कला शाखेचे पदवीधर. तरी या प्रश्नापायी जी माहिती गोळा केली, ती येथे देत आहोत.

या शिक्षणाची गरज काय, हे पुण्याच्या एका घटनेवरून कळेल. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो, तेव्हा ते यंत्र स्वतः काही ठरवीत नाही. 'स्विच' नावाच्या यंत्रणेमार्फत ते बँकेला विचारते, खाते खरे आहे काय, शिल्लक आहे काय? होकार आला की नोटा बाहेर येतात. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला करणाऱ्यांनी या वाटेवर आपला खोटा स्विच बसविला. बनावट कार्डांची विचारणा बँकेच्या खऱ्या नोंदींपर्यंत पोचलीच नाही. खोटा स्विचच "हो, द्या" म्हणत राहिला. २८ देशांतील एटीएममधून पैसे निघाले. शिवाय 'स्विफ्ट' यंत्रणेतून हाँगकाँगला रक्कम गेली ती वेगळी. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये! तिजोरीला कोणी हातही लावला नव्हता.

असा खोटा होकार ओळखायचा, तर खरा होकार कसा तयार होतो हे मुळापासून ठाऊक हवे. म्हणून एम.टेक.च्या दोन वर्षांत गूढलेखनामागचे गणित, नेटवर्क, संगणकातून गुन्ह्याचा माग काढणे, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० असे विषय येतात. दोन महिन्यांच्या क्लासात बहुधा तयार साधने चालवायला शिकवितात. त्यासाठी घरातले दागिने मोडू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संगणकातील बी.ई. झालेल्यांनी 'गेट' परीक्षा द्यावी. तिचे गुण तीन वर्षे चालतात. पुण्यात गिरीनगरच्या संरक्षण प्रगत तंत्रज्ञान संस्थेत हा विषय आहे. इतरांसाठी सी-डॅकची सहा महिन्यांची पदव्युत्तर पदविका आहे. परदेशी जाणाऱ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळते.

आता दाखल्याविषयी. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या. पण केंद्रीय संस्थेला दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो, त्यात मूळ जातीचा उल्लेख लागतो. नुसते 'नवबौद्ध' लिहिलेला दाखला तेथे चालत नाही. आमच्या पुतणीला गुण होते, पण दाखला राज्याच्या नमुन्यातला. नवा मिळेपर्यंत प्रवेशाची फेरी संपली आणि तिचे वर्ष गेले. चूक तिची नव्हती, आम्हा वडीलधाऱ्यांची होती.

गेटचे अर्ज साधारणपणे ऑगस्टअखेरीस सुरू होतात. दाखल्यासाठी जूनमध्येच तहसील कार्यालयात जावे, आणि नमुना घरूनच छापून न्यावा.