चारही चाकांनी ओढणारी गाडी आणि आपल्या डोंगरवाटा

उंद्रीसारख्या गावी वाढलेल्या मुलास रस्त्याचे मोल निराळे शिकवावे लागत नाही. आषाढात शेताच्या वाटेवरील काळी माती जोड्यांना चिकटून पाय जड झाले, की ते मोल त्यास आपोआप कळते. गतवर्षी वर्गात एका विद्यार्थ्याने आम्हांस प्रश्न केला : "गुरुजी, चार चाके तर सर्वच मोटारींना असतात. मग एखाद्याच गाडीस फोर-व्हील-ड्राइव्ह असे का म्हणतात, आणि इतर मोटारी जेथे अडतात तेथे ती कशी जाते?" प्रश्न मार्मिक होता. तासाची घंटा झाल्याने उत्तर अपुरे राहिले ; ते येथे पुरे करीत आहो. त्याबरोबर आमच्या हातून घडलेली एक चूकही सांगावयाची आहे, कारण तिच्याशिवाय हे उत्तर अर्धेच होईल.

प्रथम आपली भूमी पाहू. जुन्या काळी वऱ्हाडाचे घाटावरील बालाघाट व घाटाखालील पायनघाट असे दोन भाग मानीत असत. चिखली तालुक्यातील आपले गाव बालाघाटात येते. उत्तरेकडे घाट उतरला की पूर्णा नदीचे सपाट खोरे लागते. खामगाव, नांदुरा, मलकापूर ही गावे त्या खोऱ्यात आहेत. पूर्णेपलीकडे जळगाव जामोद व संग्रामपूर ह्या तालुक्यांच्या उत्तर सीमेवर सातपुडा उभा आहे. आपला घाट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाच्या थरांचा बनलेला आहे. एक थर कठीण, तर त्याखालचा मऊ, अशी ही रचना असल्याने डोंगर जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे उतरतात. त्यावरून जाणारी वाटही तशीच. मऊ थरावर पाण्याने खणलेल्या घळी, तर कठीण थरावर उघडे खडक.

ह्या वाटा मोटारींसाठी कोणी आखल्या नव्हत्या. लमाणांच्या तांड्यांचे लादलेले बैल प्रथम त्यांवरून चालले. पुढे १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा झाला आणि घाटावरचा कापूस बैलगाड्यांतून त्या बाजारपेठेकडे उतरू लागला. ज्या चाकोऱ्यांतून आज गाड्या धक्के खात जातात, त्यांतील कित्येक त्या बैलगाड्यांच्या आहेत.

आता यंत्राकडे वळू. सामान्य मोटारीत इंजिनाची शक्ती पुढील दोन किंवा मागील दोन चाकांसच मिळते. उरलेली दोन केवळ फिरत जातात. ओढणारी दोन चाके चिखलात सापडली की गाडी थांबली. चारही चाकांस शक्ती मिळाली, तर दोन घसरली तरी उरलेली दोन काही ना काही धरून ठेवतात. ही कल्पना जुनी आहे. हॉलंडमधील स्पायकर बंधूंच्या कारखान्याने १९०३ साली अशी मोटार तयार केली होती. जगास तिची खरी ओळख झाली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४१ ते १९४५ ह्या काळात अमेरिकेत सहा लाखांहून अधिक जीप गाड्या तयार झाल्या. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने विलिस जीपचे भाग आणून त्या मुंबईत जोडण्यास आरंभ केला. तेव्हापासून आपल्या खेड्यांत 'जीप' हा शब्द इतका रुळला की पुष्कळांस तो परका वाटतच नाही.

परंतु चारही चाकांस शक्ती दिली म्हणजे सर्व साधले असे नव्हे. गाडी वळताना बाहेरील चाकास आतील चाकापेक्षा लांब फेरा घ्यावा लागतो. म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची जुळणी असते. तिच्या योगाने दोन्ही चाके निरनिराळ्या वेगाने फिरू शकतात. ह्या सोयीतच एक उणीव आहे. जुवाच्या एका टोकाचा बैल ओढेनासा झाला, तर दुसऱ्याने कितीही जोर केला तरी जू तिरपे फिरते आणि गाडी जागची हलत नाही. येथेही तसेच घडते. एक चाक निसरड्या चिखलावर गरगर फिरू लागले की घट्ट भूमीवरील जोडीदाराचाही जोर फुकट जातो. यासाठी काही गाड्यांत डिफरन्शियल जखडून टाकण्याची कळ ठेवलेली असते. ती लावली की दोन्ही चाकांस बरोबरच फिरावे लागते.

दुसरे साधन म्हणजे मंद गतीचा जादा गिअर. युद्धकाळच्या विलिस जीपमध्ये तो लावला असता चाकांचा वेग सुमारे निम्मा होई व ओढ जवळजवळ दुप्पट. चढण चढण्यास तो हवाच, पण उतरताना त्याचे मोल अधिक. घाट उतरताना सारा भार ब्रेकवर टाकला तर ब्रेक तापून दुबळे पडतात. मंद गिअरात इंजिनच गाडीस मागे ओढून धरते. येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. चारही चाके ओढणारी गाडी इतरांपेक्षा लवकर थांबत नाही. ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांस असतात. चढण्याचे सामर्थ्य वाढले म्हणून थांबण्याचेही वाढले, असे मानणारा फसतो. तसेच जुन्या पद्धतीच्या गाडीत कोरड्या डांबरी सडकेवर चारही चाके जोडून ठेवू नयेत. वळणावर पुढील चाके मागील चाकांपेक्षा अधिक अंतर चालतात. त्यांस घसरण्यास वाव मिळाला नाही, तर यंत्रावर निष्कारण ताण येतो.

वाटेचे ज्ञान नसेल तर यंत्राचे ज्ञान व्यर्थ होय. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, आणि मग चाकाच्या खाचा अशा भरतात की ते लिंपलेल्या रांजणासारखे गुळगुळीत होते. वाळूत चाकातील हवा थोडी कमी केल्याने चाक पसरते व भार विभागून रुतणे टळते ; सडकेवर येताच ती पुन्हा भरावी लागते. पण ओल्या काळ्या रानावर सर्वांत उत्तम उपाय शेतकऱ्यांस ठाऊक आहे, तो म्हणजे वाफसा येईपर्यंत थांबणे. नाल्याची गोष्ट आणखी निराळी. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. जेथे पाणी निमूट दिसते तेथेच डोह असण्याचा संभव. हातात काठी घेऊन आधी पायी तळ तपासावा, आणि पाण्यास जोर असेल तर पायीही उतरू नये. इंजिनाच्या नळकांड्यात हवेऐवजी पाणी शिरले तर ते हवेसारखे दाबले जात नाही आणि आतील लोखंडी दांडाही वाकतो. मग गाडी तेथेच बसते.

हे सर्व आम्हांस ठाऊक होते. तरीही दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत जे घडले ते आता सांगतो. विद्यार्थ्यांनी जमविलेल्या वह्या व घोंगड्या घेऊन आम्ही जळगाव जामोदपलीकडे सातपुड्यातील एका वस्तीकडे निघालो होतो. गाडी एका स्नेह्यांची. चारही चाकांनी ओढणारी जुनी मालगाडी. आदल्या रात्री पावसाची सर येऊन गेली होती. सकाळी एका सखल जागी वाट चिखलाने भरलेली आढळली. स्नेही म्हणाले, "मास्तर, दुपारपर्यंत थांबू. ऊन आहे, वाट सुकेल." आम्हांस घाई होती. शेजारी हरभऱ्याचे रान होते, नुकतेच उगवलेले. आम्ही म्हटले, "बांधावरून कडेने घालू. चार चाके कशाला आहेत?"

गाडीने बांध चढला, फोडला, आणि वीस पावलांवर ती आसापर्यंत रुतली. चाके जो जो फिरविली तो तो खोल गेली. चारही चाके ओढतात, तशी चारही खणतात, हे त्या दिवशी कळले. थोड्या वेळाने रानाचा धनी बैलजोडी घेऊन आला. त्याने काही न विचारता दोर बांधला आणि अर्ध्या घटकेत गाडी बाहेर काढली. आम्ही पैसे पुढे केले. ते न घेता त्याने आम्हांस फुटलेल्या बांधापाशी नेले व म्हटले, "मास्तर, तुमची गाडी निघाली, तुम्ही जाल. पण पुढचं पाणी ह्याच चाकोरीनं धावेल अन् माझी माती नेईल. पैसे नको. बांध तेवढा घालून द्या."

त्याचेच फावडे व घमेले घेऊन आम्ही दोघांनी दिवस मावळेपर्यंत तो बांध घातला आणि चाकोऱ्या बुजविल्या. मोडलेला हरभरा मात्र आमच्या हातून उभा राहिला नाही. दुपारी तीनच्या सुमारास मुख्य वाट सुकली होती. तिच्यावरून एक बैलगाडी सुखाने गेली, ती आम्ही फावडे हाती असतानाच पाहिली. स्नेह्यांनी आम्हांस एका शब्दानेही टोचले नाही. ते मौन आम्हांस अधिक टोचले. वस्तीवर आम्ही दुसऱ्या दिवशी पोहोचलो.

त्या माणसाच्या बोलण्यात सृष्टिशास्त्राचा एक धडा होता. उतारावरील चाकोरी ही पाण्यास आयती मिळालेली नाली होय. पहिल्या पावसात ती वीतभर खोल होते, दुसऱ्या वर्षी तीच घळ बनते. बोटभर सुपीक माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. ती वाहून जाण्यास एक श्रावण पुरतो.

रानातील नियमही असेच आहेत. बुलढाण्याहून खामगावकडे जाणारी सडक बोथ्याजवळ ज्ञानगंगा अभयारण्यातून जाते. सुमारे २०५ चौरस किलोमीटरांचे हे अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून येथे आला. गळ्यातील रेडिओपट्ट्यामुळे त्याचा मार्ग कळला. अशा ठिकाणी सडक सोडून गाडी घालणे हे धाडस नसून अपराध आहे.

मग ह्या गाड्यांचे खरे काम कोणते? भिंगारा, गोमाळ अशा सातपुड्यातील वस्त्यांतून आजाऱ्यास झोळीत घालून डोंगर उतरविल्याच्या वार्ता गेल्या काही वर्षांत आपण वर्तमानपत्रांत वाचल्या आहेत. तेथे औषध, मतपेटी, पाठ्यपुस्तक किंवा प्रसूत होणारी माता नेणारी गाडी ही चैनीची वस्तू नव्हे. मौजेखातर डोंगर पाहण्यास जावयाचे असेल तर खुशाल जावे. डोंगर पाहिल्याने मन मोठे होते. पण ज्या वाटेवरून आपण एकदा जातो तिच्यावरून कोणाला तरी रोज जावयाचे असते, हे विसरू नये.

प्रश्न विचारणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यास एवढेच सांगणे आहे : ती गाडी इतरांहून पुढे जाते, कारण तिची चारही चाके ओढतात. कोठे थांबावे, हे मात्र कोणत्याही चाकास कळत नाही. ते कळण्यासाठी आम्हांस एक दिवसभर फावडे धरावे लागले. तुम्हांस ते ह्या लेखाने कळले, तर आमचे श्रम फळास आले असे आम्ही समजू.