आचोळ्याचं पाणी कुठे गेलं?

आचोळे म्हटलं की आज नालासोपारा पूर्वेचा गजबजलेला रस्ता आठवतो. चाळीस वर्षांपूर्वी ते गाव होतं. गावाचं तळं होतं, पूर्वेकडे तुंगारेश्वरचा डोंगर होता आणि रुळांपलीकडे जुनं सोपारा.

शाळेच्या पुस्तकात संसाधनांची विभागणी सोपी असते. पाणी, वारा, ऊन पुन्हा भरून येणारं. दगड, कोळसा, तेल संपणारं. आचोळे ज्या वसई तालुक्यात आहे, तिथे पाण्याने ही सोपी विभागणी मोडली.

पश्चिमेच्या वाड्यांमध्ये बावखलं होती. पावसाचं पाणी साठवणारी आणि जमिनीत मुरवणारी ही तळी, त्यांच्या जोडीला विहीर आणि विहिरीवर रहाट. बैल दमला की रहाट थांबायचा आणि तेवढ्या वेळात विहिरीला पुन्हा पाझर फुटायचा. केळी आणि पानवेली त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या. विजेचा पंप आला आणि उपशाला दमणं उरलं नाही.

ऐंशीच्या दशकात मुंबई वसईच्या खाडीपलीकडे सरकू लागली. इमारतींना पाणी हवं होतं, ते वाड्यांच्या विहिरींतून टँकरने निघालं. समुद्रकाठच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याचा एक मीटर असेल, तर त्याच्या आधाराने खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं, असा भूजलशास्त्राचा ढोबळ नियम आहे. म्हणजे वरची पातळी थोडी घटली, तरी खालून खारं पाणी कितीतरी वर चढतं. विहीर भरलेली दिसते, पण पाणी मचूळ लागतं. एकदा खारावलेला थर पुन्हा गोडा व्हायला अनेक पावसाळे जावे लागतात. संपणारं आणि भरून येणारं यांतला खरा फरक इथे दिसतो. तो जितका वस्तूत असतो, तितकाच उपशाच्या वेगात असतो.

हे वसईकरांना वेळीच कळलं होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि टँकरने होणाऱ्या उपशाविरुद्ध लोक रस्त्यावर आले. 1990 मध्ये सिडकोकडे या भागाचं नियोजन गेलं. इमारती मात्र नियोजनाच्या पुढे धावत राहिल्या. त्यांना लागणारी खडी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या दगडाची. डोंगर एकदा फोडला की तो कुठल्याच पावसात भरून येत नाही. रेती वैतरणेची, पूर ती पुन्हा आणतो, पण नदीच्या चालीने.

2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली. पेल्हार, उसगाव आणि पापडखिंड ही जवळची धरणं कधीच अपुरी पडली होती. शहराची मोठी भिस्त सूर्या नदीवर आली. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती 12 लाखांवर गेली. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) सूर्या योजनेतून वसई-विरारला रोज 185 दशलक्ष लिटर जादा पाणी द्यायचं ठरलं आणि 2023 च्या अखेरीस ते येऊ लागलं. सूर्येवरचं धामणी धरण डहाणू-पालघर भागातल्या शेतीसाठी बांधलेलं. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांचा या पाणीवाटपाला विरोध होता आणि तो रास्त होता. दुसऱ्याच्या शेताचं पाणी आणून आपल्या विहिरीची हानी भरून येत नाही.

जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपारा भागात रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले आणि गाड्या अडकल्या. मिठागरांत शेकडो माणसं अडकून पडली. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात जुलैत पूर आणि उन्हाळ्यात टँकर, कारण पाणी मुरायला मोकळी जमीनच कमी उरली.

आचोळ्यातच या मोकळ्या जमिनीचा मोठा तुकडा गेला. विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर 41 बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर 2024 ते फेब्रुवारी 2025 या काळात त्या पाडण्यात आल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबांची घरं गेली. फसवणूक झालेल्या त्या माणसांचं दुःख मोठं आहे. आणि ज्या केंद्रामुळे शहराचं वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा उपयोगात आणता आलं असतं, ते तिथे कधी उभंच राहिलं नाही.

आचोळ्यात राहणाऱ्यांनी एक काम जरूर करावं. आपल्या सोसायटीच्या बोअरची पातळी मे महिन्यात मोजावी, ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजावी आणि दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवावेत.