जठरातील जिवाणू आणि संरक्षक पेशींचे स्थलांतर

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू जठराच्या श्लेष्मल आवरणात वास्तव्य करतो. त्याचा १९८२ मध्ये शोध लावणाऱ्या बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संसर्ग झाल्यावर अस्तरातील पेशी इंटरल्युकिन-८ हे संकेतद्रव्य स्रवतात. त्याच्या मागावर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांतून बाहेर पडतात व अस्तराच्या पेशींमधील सांधे ओलांडतात. त्यांच्या ऑक्सिडीकारक द्रव्यांनी जिवाणूचा समूळ नाश होत नाही. उलट जठराच्याच ऊतींना इजा पोहोचते. या दीर्घकालीन दाहातून व्रण आणि काही रुग्णांत कर्करोग उद्भवतो.

जिवाणू तग कसा धरतो? त्याच्या डीएनए-दुरुस्तीचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. डी. एन. राव यांच्या प्रयोगशाळेने केला. प्रतिजैविकांना दाद न देणारे वाण वाढत असताना हे ज्ञान मोलाचे आहे.