माणसं हलवता येतात, वाडी नाही

३ जून २०२० ला भर दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. आमचं घर याच तालुक्यात, समुद्राला लागून. घर कौलारू, मागे नारळ-पोफळीची वाडी. आदल्या दिवशी रिक्षाला भोंगा लावून पुकारा झाला, पोलीस पाटील दारोदार फिरले. कच्च्या घरात कोणीही थांबायचं नाही, असं सांगून गेले. पण ते करोनाच्या टाळेबंदीचे दिवस होते. निवाऱ्यासाठी शाळेत पन्नास माणसांत जाऊन बसायचं म्हटलं तरी पोटात गोळा येई. शेवटी शेजारच्या काकांनी त्यांच्या स्लॅबच्या घरात बोलावलं. सासूबाईंचा पाय निघेना. "आई, गुरांची दावी सोडली आहेत, ती आपला जीव वाचवतील, तुम्ही चला," असं म्हणत त्यांना अक्षरशः हाताला धरून नेलं. सोबत काय, तर सातबारा, औषधं आणि तांदळाचा डबा.

चक्रीवादळात वारा एकाच बाजूने येत नाही. केंद्र पुढे सरकलं की त्याच जागी वाऱ्याची दिशा फिरते. म्हणून एका अंगाने खिळखिळं झालेलं झाड दुसऱ्या अंगाने आलेल्या झोताला टिकत नाही. काकांच्या खिडकीच्या फटीतून मी पोफळी वाकताना पाहत होते. एक पडताना शेजारच्या दोघींना घेऊन पडायची.

आमच्या घरातली सगळी माणसं वाचली. वेळेवर हलवलं म्हणूनच वाचली, हे मी कुणालाही ठासून सांगेन.

पण वाडीचं काय झालं, ते बाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. आंब्याची फांदी मोडली तर खोडाला पुन्हा पालवी फुटते. पोफळीचं तसं नाही. तिला फांद्या नसतात. सगळी वाढ शेंड्यातल्या एकाच कोंबातून होते. तो मोडला की खालचं खोड कितीही हिरवं दिसो, झाड संपलं. नवीन रोप लावलं तर सुपारी धरायला पाच ते सात वर्षं. शिवाय पोफळीच्या सावलीत मिरी, जायफळ असतं. हे सावलीचं छप्परच गेल्यावर जायफळाची पानं उन्हाने करपली, आणि मिरीचे वेल तर ज्या खोडांवर चढवले होते त्यांच्याबरोबरच आडवे झाले.

त्यानंतरचे दिवस वादळाहून जड गेले. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, पंप बंद म्हणून विहिरीचं पाणी हाताने शेंदायचं. डोक्यावर कौलांच्या जागी ताडपत्री आणि पाऊस तोंडावर. पडलेली झाडं वाडीतून बाहेर काढायला कटर लागतो, तो चालवणारा माणूस लागतो, आणि दोन्ही एकाच वेळी गावातल्या प्रत्येकाला हवे होते. खोडं तशीच पडून राहिली की आळी बुजतात, पाटाचं पाणी अडतं, नवीन लागवड खोळंबते.

सरकारने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केली. आकडा मोठा वाटतो. पण आमच्याकडे जमीन गुंठ्यांत असते. हिशेब केला तर गुंठ्याला साधारण ५०० रुपये पडतात, आणि एका गुंठ्यात दहा-बारा पोफळी सहज बसतात. पुढे झाडामागे मदत देण्याचा निर्णय झाला, सुपारीला ५० रुपये आणि नारळाला २५०. झाड मोजून मदत द्यायची ही पद्धत मला योग्य वाटते, रक्कम मात्र नाही. ज्या झाडाने वर्षानुवर्षं घर चालवलं, त्याच्या ५० रुपयांत ते खोड बाहेर ओढायची मजुरीही निघत नाही.

आमच्या भागाला खरी गरज आहे ती रोपांची. सुपारीचं रोप लावण्याजोगं व्हायला वर्ष-दीड वर्ष रोपवाटिकेत वाढवावं लागतं, म्हणजे वादळानंतर मागणी करून ते लगेच मिळणारच नाही. रोपं दरवर्षी आधीच तयार ठेवायला हवीत. आणि ज्या घराची वाडी गेली, त्याला ती पुन्हा धरेपर्यंत रोजगार हमीतून स्वतःच्याच वाडीत आळी करायचं, खोडं हलवायचं काम मिळालं, तर माणसं मुंबईची वाट धरणार नाहीत.