जुळलं म्हणजे पटलं नव्हे

मागच्या लेखांकात क्वांटम चॅनेलची ओळख झाली. क्यूबिट एखाद्या गेटमधून जाताना त्याच्या अवस्थेचं जे काही बरं-वाईट होतं, त्या सगळ्याचा हिशेब म्हणजे चॅनेल. तो उघडून आत डोकावता येत नाही. ठराविक अवस्था आत सोडायच्या, बाहेर काय येतं ते मोजायचं आणि मोजमापांशी सर्वांत जास्त जुळणारं प्रतिमान शोधायचं, एवढंच हातात असतं. ‘सर्वांत जास्त जुळणारं’ हे ऐकायला निर्दोष वाटतं, पण घोळ तिथेच आहे. मोजमापात खरी माहिती असते तसा गोंगाटही असतो, आणि पुरेशी मोकळीक दिली की प्रतिमान दोन्हींशी सारख्याच इमानाने जुळतं. म्हणून जुळणीसोबत दुसरी एक अट घालावी लागते, तिला रेग्युलरायझेशन म्हणतात. ही अट टाळता येत नाही, आणि ती कोणत्या बाजूला ओढते हे उघड सांगितल्याशिवाय निकालाला किंमत नाही, असं माझं म्हणणं आहे.

आधी मोकळीक किती असते ते पाहू. एका क्यूबिटच्या चॅनेलला १२ प्राचल, म्हणजे मोकळे आकडे, लागतात, दोन क्यूबिटना २४०. इथपर्यंत वहीत मावतं. डीआरडीओची पुण्यातली क्वांटम प्रयोगशाळा आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी सहा क्यूबिटांच्या अतिवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण केल्याचं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालं. त्या कामात टीसीएसही होती. जगातल्या मोठ्या यंत्रांच्या मानाने हे यंत्र लहान. तरी सहाही क्यूबिटांवर एकदम काय घडतं ते पूर्ण लिहायचं म्हटलं, तर प्राचल होतात १,६७,७३,१२०. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक क्यूबिटला चार सुरुवातीच्या अवस्था आणि मोजणीच्या तीन दिशा धरतात. म्हणजे १२ चा सहावा घात, २९,८५,९८४ वेगवेगळे प्रयोग. प्रत्येक प्रयोग हजार वेळा केला तर जवळजवळ ३०० कोटी मोजण्या झाल्या. एवढं करूनही प्रत्येक सरासरीत तीनेक टक्क्यांचा हेलकावा उरतोच, कारण हजार वेळा मोजून त्याहून बारीक उत्तर मिळत नाही. दीड कोटीहून जास्त मोकळे प्राचल अशा हेलकाव्यांवर सोडले तर ते काय काय शोधून काढतील, याची कल्पना केलेली बरी!

हे दुखणं मुळात क्वांटमचं नाही, आणि त्याचं एक जुनं उदाहरण रेवदंड्याच्या वाचकांच्या उंबरठ्यावरच आहे. चौल, नागाव, आक्षी ओलांडून अलिबागला गेलं की तिथे चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून नानाभॉय मूस यांच्या काळात, १९०४ मध्ये, कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय नोंदींचं काम अलिबागला आणलं गेलं. जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या. अशा वेधशाळांच्या आणि उपग्रहांच्या नोंदींवरून शास्त्रज्ञ २,९०० किलोमीटर खाली, पृथ्वीच्या गाभ्याच्या पृष्ठभागावर चुंबकीय क्षेत्र कसं असेल ते काढतात. त्यासाठी क्षेत्राचे ठळक ते बारीक असे घटक पाडतात. गणिताने खाली उतरताना सर्वांत ठळक घटक सुमारे सहा पट वाढतो, तर तेराव्या पायरीचा घटक ८,५०० पटींहून जास्त. त्यातली मोजमापाची चूकही तेवढीच फुगते. निव्वळ जुळणीच्या मागे लागलं तर नकाशावर अशा खुणा उमटतात ज्या पृथ्वीत नसतातच, मोजमापाच्या चुकीतून आलेल्या असतात. म्हणून भूचुंबकत्वाचे अभ्यासक नकाशा विनाकारण खडबडीत झाला की त्याला दंड लावतात. परिणामावरून कारण काढण्याच्या अशा प्रश्नांच्या स्थैर्यावर आंद्रेई तिखोनोव्ह या रशियन गणितज्ञाने १९४३ मध्ये लिहिलं, आणि त्याच्या नावाची दंडाची पद्धत १९६३ मध्ये आली.

चॅनेलच्या बाबतीत हीच युक्ती अशी वापरतात: जुळणीतली चूक, अधिक लॅम्डा (दंडाचं वजन) गुणिले गुंतागुंत, आणि या बेरजेची किमान किंमत शोधायची. लॅम्डा शून्य ठेवला तर गोंगाटाचंही चित्र उमटतं, फार वाढवला तर मोजमापं केली न केली सारखीच. इथे एक वजनदार आक्षेप येतो. भौतिकशास्त्राने आधीच अटी घातल्या आहेत ना? चॅनेलचं पूर्ण वर्णन करणाऱ्या चोई मॅट्रिक्सची एकही आयगेन-किंमत (ती शक्यतेसारखी असते) उणे चालत नाही आणि एकूण शक्यता कायम १ राहावी लागते. मग वर आणखी दंड कशाला? कालेव, कोसुट आणि ड्यॉइच यांनी २०१५ मध्ये दाखवलं की मोजण्या योग्य निवडल्या तर उणे नसण्याची अटच साधं उत्तर शोधून देते, वेगळा दंड लागत नाही. मात्र त्यासाठी मुळातलं उत्तर साधं असावं लागतं. शिवाय अट चुकीची उत्तरं बाद करते, उरलेल्यांत निवड करत नाही. गोंगाटामुळे उणे दोन टक्के निघालेली शक्यता अटीमुळे शून्यावर येऊन बसते, आणि शून्य म्हणजे ‘असं कधीच होणार नाही’ अशी ग्वाही. दोनदा नाणं उडवून दोन्हीदा छापा आला म्हणून काटा अशक्य ठरवण्यासारखंच ते. रॉबिन ब्लूम-कोहूट यांनी २०१० मध्ये क्वांटम अवस्थांसाठी यावर उपाय सुचवला: कोणतीही किंमत शून्याला टेकू लागली की गुण कापायचे. दंड फार सौम्य, पण ती खोटी ग्वाही जाते.

दंड लावताना भले भले कुठे फसतात तेही पाहू. साधा चॅनेल हवा म्हणून आयगेन-किमतींच्या बेरजेला दंड लावायचा, ही कल्पना विरळ उत्तर शोधण्याच्या शास्त्रातून आलेली आणि तिथे अगदी योग्य. पण शक्यता जपणाऱ्या चॅनेलमध्ये सगळ्या किमती शून्य किंवा अधिक आणि त्यांची बेरीज ठरलेली. मग दंड प्रत्येक चॅनेलला सारखाच बसतो. चौलच्या दत्तजत्रेत प्रत्येक दुकानाला एकच पट्टी लावली तर त्यावरून दुकान लहान की मोठं ते कळत नाही, तसं. लॅम्डा कितीही वाढवा, उत्तर तसूभर हलणार नाही. आणि आपण मात्र रेग्युलरायझेशन केल्याच्या समाधानात. दुसरी वाट क्राउस-ऑपरेटर, म्हणजे ज्यांच्या संचाने चॅनेल लिहिता येतो ती मॅट्रिक्सं, शिकण्याची. शाहनवाज अहमद आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ती मांडली, आणि ऑपरेटरांमधल्या नोंदी कमीत कमी राहाव्यात म्हणून त्यांवर दंड ठेवला. ही वाट चालते, पण एकच चॅनेल अनेक क्राउस-संचांनी लिहिता येतो, तेव्हा दंड चॅनेलला बसला की लिहिण्याच्या पद्धतीला, हे तपासावं लागतं.

सर्वांत धोक्याची ओढ आदर्श गेटकडची. ‘आपलं गेट जवळजवळ बरोबरच असणार’ असं धरून प्रतिमान तिकडे खेचलं, तर कमी मोजमापांतही उत्तर छान स्थिर येतं, आणि यंत्र प्रत्यक्षात आहे त्याहून गुणी दिसतं. रेग्युलरायझेशन म्हणजे मनातलं उत्तर मोजमापांच्या तोंडी घालणं, हा आक्षेप इथे शंभर टक्के लागू पडतो. पण त्यावरून दंडच नको असा निष्कर्ष काढणं चूक. दंड न लावणं हाही पूर्वग्रहच. त्यात गोंगाटाची बाजू घेतलेली असते. मोजण्या वाढवा म्हणावं, तर चूक दहा पट कमी करायला शंभर पट मोजण्या लागतात, आणि तोवर यंत्राचे गुणधर्मच सरकतात. त्यापेक्षा काही मोजमापं बाजूला ठेवावीत, उरलेल्यांवर वेगवेगळे लॅम्डा चालवावेत आणि बाजूला ठेवलेल्या मोजमापांचं भाकीत ज्याला सर्वांत चांगलं जमेल तो निवडावा. दंडाची ओढ कुठे आहे तेही सोबत छापावं. गेटची अचूकता ९९ टक्क्यांच्या पुढे सांगणारी बातमी वाचली की वाचकांनी लॅम्डा कसा निवडला आणि दंडाची ओढ कुठे आहे, हेच दोन प्रश्न विचारावेत. उत्तर नसेल तर तो आकडा जाहिरातीत जमा धरावा.

या तपासणीलाही एक चूक चकवा देते. अवस्था तयार करताना आणि शेवटी वाचताना होणारी गफलत बाजूला ठेवलेल्या मोजमापांतही तशीच असते, त्यामुळे भाकीत जुळतं आणि चॅनेल चुकीचाच राहतो. त्या गफलतीबद्दल पुढच्या आठवड्यात.