रेघोट्यांचे औषध

एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्रातून निवृत्त झालेले एक गृहस्थ गेल्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात आले. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. चार महिन्यांपूर्वी त्यांना उजव्या अंगावर अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन गेला होता. वेळेवर उपचार मिळाल्याने चालणे-बोलणे सुधारले, पण उजव्या हाताची बोटे म्हणावी तशी वळत नव्हती.

"डॉक्टरसाहेब, बँकेने चेक परत पाठवला. सही जुळत नाही म्हणे," अण्णा म्हणाले. "जन्मभर केलेली सही, आता माझी मलाच ओळखू येत नाही."

रक्तदाबाच्या गोळ्या आणि फिजिओथेरपी चालू होतीच. मी त्यांना रोज एक पान शुद्धलेखन लिहायला सांगितले. आठ दिवसांनी ते वही न आणताच आले. प्रत्येक अक्षर त्यांना काय गेले याचीच आठवण करून देत होते. माझा सल्ला चुकला होता. तो सुधारला माझ्या एका मित्राने. हे मित्र निवृत्त चित्रकला शिक्षक. ते म्हणाले, "अक्षर राहू द्या. आधी त्यांना नुसत्या रेघोट्या मारू द्या."

रेघ कोण ओढतो?

वाचकहो, रेघ बोटे ओढतात असे आपल्याला वाटते, पण खरे काम मेंदूचे. मोठ्या मेंदूकडून हुकूम सुटतो. लहान मेंदू वेग आणि दिशा सांभाळतो. रेघ कुठे पोहोचली हे डोळा कळवतो आणि पेन्सिलीवर दाब किती पडला हे त्वचा, स्नायू व सांधे कळवतात. हा सगळा कारभार क्षणाक्षणाला चालतो.

अर्धांगवायूत मेंदूच्या ज्या पेशी मरतात त्या परत येत नाहीत. मात्र शेजारच्या पेशी त्यांचे काही काम शिकू शकतात. एका फीडरवर बिघाड झाला की दुसऱ्या फीडरवरून वीज फिरवतात, हे एकलहऱ्यात कोणाला समजावून सांगायला नको! तसेच काहीसे मेंदूत घडते. फक्त त्यासाठी तीच हालचाल लक्षपूर्वक, पुन:पुन्हा करावी लागते. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते. पुढे ती मंदावते, थांबतेच असे नाही.

चित्र नको, रेघच का?

घोडा काढायला घेतला आणि तो वाकडा आला की माणूस ओशाळतो. पण नुसत्या वळणावळणाच्या रेघेला वाकडी कोण म्हणणार? ती कशासारखी दिसायला हवी असा दंडकच नसतो. भीती गेली की मूठ सैल होते आणि सैल हातच शिकतो.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ठिपक्यांच्या रांगोळीतून हेच केले. पाटीवर गिरवणे म्हणजे तरी काय? शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांच्या संकल्पचित्रातही आकारांची आणि छटांचीच जुळणी असते.

कराचीत 1937 साली जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या नसरीन मोहम्मदी यांनी बडोद्याच्या कलाशाखेत 1972 पासून अध्यापन केले. त्यांच्या प्रौढ वयातील चित्रांत माणूस नाही, झाड नाही; पेन्सिल व शाईच्या बारीक रेषा तेवढ्या आहेत. अखेरच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या विकाराने त्यांचा शरीराच्या हालचालींवरचा ताबा कमी होत गेला, तरी 1990 मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी रेषा सोडली नाही. त्या आखणीची उपकरणे वापरीत. हात साथ देईना तेव्हा साधनाची मदत घेण्यात कमीपणा नाही, हे रुग्णांनी लक्षात ठेवावे.

जर्मनीच्या बाउहाउस या कलाशाळेत 1921 पासून दहा वर्षे शिकवणारे पाउल क्ले विद्यार्थ्यांना ठिपका आणि रेषेपासूनच धडे देत. 1935 मध्ये त्यांना आजाराने गाठले. त्वचा कडक करणारा स्क्लेरोडर्मा तो असावा, असे पुढच्या डॉक्टरांचे मत आहे. त्यांच्या रेषा जाड आणि मोजक्या झाल्या. तरीही एकट्या 1939 सालात त्यांनी बाराशेहून अधिक कलाकृती केल्या.

घरी करायचे पाच धडे

रोज पंधरा मिनिटे पुरेत. पेन्सिल निसटत असेल तर तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळावा. कागद सरकू नये म्हणून तो चिकटपट्टीने टेबलाला चिकटवावा.

1. वीतभर अंतरावर दोन ठिपके द्या आणि ते एका दमात जोडा. नजर पेन्सिलीच्या टोकावर नको, पोहोचायच्या ठिपक्यावर हवी. लांब रेघ खांद्यातून ओढावी, आखूड मनगटातून.

2. उभ्या, आडव्या, तिरप्या रेघांनी एकेक चौकोन भरा. रेघांमधले अंतर सारखे ठेवण्याचा प्रयत्न करा.

3. लाटा, वेटोळी आणि जिलबीसारखे आतून बाहेर येणारे वळण काढा.

4. पाच चौकोन शेजारी शेजारी आखा. पहिला कोरा ठेवा, पाचवा काळाभोर करा आणि मधल्या तिघांत चढत्या छटा भरा. हे आधी दाब वाढवून करा, मग दाब तोच ठेवून रेघा दाट करून करा. यात बोटांना दाबाचा अंदाज येतो. एचबी आणि 4बी अशा दोन पेन्सिली पुरतात. बी वर्गातल्या पेन्सिलीत ग्रॅफाइट जास्त व माती कमी, म्हणून ती हलक्या दाबानेही काळी उठते.

5. डोळे मिटून कागदभर एक मोकळी रेघ फिरवा. तयार झालेले कप्पे वेगवेगळ्या छटांनी भरा.

छटा कशी पडते हे पाहायचे असेल तर सकाळी वीज केंद्राच्या चिमणीकडे पाहा. उन्हाकडची बाजू उजळ, मग हळूहळू गडद होत जाणारा पट्टा आणि कधी कधी अगदी कडेला पुन्हा किंचित उजेड. तो आजूबाजूने परतलेला प्रकाश असतो. चिमणीभोवती रेघ कुठेच नसते. उजेड आणि अंधार भेटतात ती सीमा आपला डोळा ठळक करून दाखवतो, तिला आपण रेघ म्हणतो.

सावधगिरी

बोटे किंवा मनगट दुखू लागले की थांबावे. जिलबीचे वळण आम्हा डॉक्टरांना रोगाचीही खूण देते. थरथरीच्या काही विकारांत ते दातेरी येते, तर कंपवातात ते आक्रसते आणि अक्षरही लिहिता लिहिता बारीक होत जाते. असे दिसले तर तपासणी करून घ्यावी. एकाएकी हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले तर कागद-पेन्सिल बाजूला ठेवून तडक मोठे रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. आणि हो, रेघोट्या म्हणजे गोळ्यांना किंवा फिजिओथेरपीला पर्याय नव्हे.

अण्णांनी तीन महिन्यांत चार वह्या भरल्या. त्यांची जुनी सही काही परत आली नाही. नवी आली, जरा जाड, जरा सरळ. पण दर वेळी सारखी येते. बँकेत त्यांनी तिचाच नमुना दिला आणि परवा पहिला चेक वटला. आता त्यांची नात गृहपाठ झाला की आजोबांच्या शेजारी बसून रेघोट्या मारते. तिचे अक्षर सुधारले की नाही ते अजून कळायचे आहे. मोबाइल मात्र तेवढा वेळ बाजूला पडलेला असतो.