खेळाडूंची खरेदी-विक्री आणि फुटबॉल क्लबाचा जमाखर्च

(नभोवाणीवरील भाषण)

फुटबॉलचा अमुक एक खेळाडू अमुक क्लबाने इतक्या कोटी पौंडांना विकत घेतला, अशी वार्ता आपण वृत्तपत्रांत वाचतो तेव्हा मनात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न नीतीचा: स्वतंत्र देशात माणसाची खरेदी-विक्री होते तरी कशी? दुसरा प्रश्न हिशेबाचा: गुडघा दुखावला तर एका दुपारीत जिची किंमत मातीमोल होईल, अशा गोष्टीवर एवढा पैसा लावणारे लोक शहाणे म्हणावेत की जुगारी? आज ह्या दोन्ही प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. पहिल्याचे उत्तर तुलनेने थोडक्यात देता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र नीट उलगडून पाहिले पाहिजे. कारण ते न समजल्यामुळे, किंवा समजूनही दृष्टीआड केल्यामुळे, चांगले नांदते क्लब धुळीस मिळाले आहेत.

विकला जातो तो माणूस नव्हे, त्याची नोंदणी. इंग्लंडमध्ये १८८५ साली पैसे घेऊन खेळण्यास अधिकृत मान्यता मिळाली आणि १८८८ साली बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग स्थापन केली. श्रीमंत क्लबांनी दुसऱ्यांचे खेळाडू पळवू नयेत, म्हणून असा नियम करण्यात आला की, खेळाडूची नोंदणी ज्या क्लबाकडे असेल त्याच्या संमतीवाचून त्याला दुसरीकडे खेळता येऊ नये. आता संमती आवश्यक झाली की तिची किंमतही ठरू लागते. १९०५ साली मिडल्सबरो क्लबाने संडरलंडकडून आल्फ कॉमन हा खेळाडू घेतला तेव्हा त्याच्याबद्दल १,००० पौंड मोजले. एका खेळाडूसाठी चार आकडी रक्कम! ह्या प्रकाराने इतकी खळबळ उडाली की, १९०८ साली अशा व्यवहारास ३५० पौंडांची मर्यादा घालून पाहण्यात आली. परंतु ती काही महिन्यांतच सोडून द्यावी लागली. पुढे १९७९ साली ट्रेव्हर फ्रान्सिस ह्याच्यासाठी नॉटिंगहॅम फॉरेस्टने दहा लाख पौंडांचा पल्ला गाठला, आणि २०१७ साली पॅरिसच्या क्लबाने नेमार ह्याच्यासाठी बार्सिलोनाला २२ कोटी २० लाख युरो दिले.

ह्या व्यवस्थेत प्रारंभी मोठा अन्याय होता. करार संपला तरी जुना क्लब नोंदणी सोडीत नसे; म्हणजे खेळाडूला पगारही नाही आणि मोकळीकही नाही, अशी अवस्था होई. न्यूकॅसल क्लबाच्या जॉर्ज ईस्टहॅमने ह्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली व १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स ह्यांनी हा निर्बंध अन्याय्य ठरविला. बेल्जमच्या जाँ-मार्क बोस्मानने तर लढा थेट युरोपीय न्यायालयापर्यंत नेला. डिसेंबर १९९५ मध्ये निर्णय झाला की, करार संपलेल्या खेळाडूबद्दल युरोपीय संघातील एका देशाच्या क्लबाने दुसऱ्या देशाच्या क्लबाकडे पैसे मागता कामा नयेत. ह्या निर्णयाने खेळाडू मोकळा झाला, आणि त्याबरोबरच क्लबाच्या मालमत्तेचे स्वरूपही पालटले. आता क्लबाजवळ जे उरते ते केवळ कराराच्या शिल्लक मुदतीचे मोल होय. मुदत जसजशी सरत जाते तसतसे ते मोल वितळते, आणि शेवटच्या दिवशी शून्यावर येते. म्हणूनच कराराचे एखादे वर्ष उरले असता उत्तम खेळाडूही पुष्कळदा पडत्या किमतीत विकला जातो.

आता हिशेबाकडे वळू. गिरणीमालक नवे यंत्र घेतो तेव्हा त्याची सर्व किंमत त्याच वर्षाच्या खर्चात घालीत नाही. यंत्र दहा वर्षे चालेल असे धरून तो दरवर्षी दहावा हिस्सा घसारा म्हणून खर्ची टाकतो. फुटबॉल क्लबही असेच करतो. समजा, एक खेळाडू ५ कोटी पौंडांना घेतला व त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला. तर नफा-तोट्याच्या खात्यावर दरवर्षी १ कोटी खर्च पडतो. पगार अर्थात निराळा. तीन वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत २ कोटी उरते. त्या वेळी तो साडेतीन कोटींना विकला गेला तर वहीत दीड कोटीचा नफा दिसेल! घेतला पाचाला, विकला साडेतीनाला, आणि तरी नफा. ह्यात लबाडी मुळीच नाही. कारण आधीच्या तीन वर्षांत ३ कोटींचा खर्च दाखविलेला आहे. परंतु ज्याचे लक्ष केवळ चालू वर्षाच्या नफ्यावर आहे, त्याला ही पद्धत मोहात पाडते. एका वर्षाची विक्री सबंध नफ्यानिशी त्याच वर्षात जमा होते, आणि खरेदी मात्र पुढील पाच वर्षांवर पसरते. तेव्हा आज विकून आजच सधन दिसावे व आज घेतलेल्याचा भार उद्याच्या संचालकांवर टाकावा, ही युक्ती सहज सुचते.

ह्यात आणखी एक मेख आहे. जो मुलगा क्लबाच्या स्वतःच्या शाळेत लहानाचा मोठा झाला, त्याच्यासाठी खरेदीची रक्कम दिलेली नसते. सबब त्याची पुस्तकी किंमत शून्य. त्याला विकले की मिळेल तेवढा सगळा नफाच. परिणामी असा विचित्र प्रसंग येतो की, ज्या पोरावर गावाचा जीव जडलेला असतो, त्यालाच विकणे हिशेबनिसाला सर्वांत सोयीचे वाटते. शिवाय वहीतला नफा म्हणजे तिजोरीतली रोकड नव्हे. खरेदी-विक्रीच्या रकमा बहुधा हप्त्यांनी फेडल्या जातात, आणि पगार मात्र ठरल्या दिवशी द्यावाच लागतो.

ह्या सर्व गोष्टी प्रत्यक्षात कशा घडतात ह्याचे उदाहरण म्हणजे यॉर्कशरमधील लीड्स युनायटेड हा क्लब. लोकरीच्या गिरण्यांनी नावारूपास आलेल्या त्या शहराचा हा क्लब १९९२ साली इंग्लंडचा अजिंक्य ठरला होता. नोव्हेंबर २००० मध्ये त्याने रिओ फर्डिनंड ह्या बचावपटूसाठी १ कोटी ८० लाख पौंड मोजले. ब्रिटनमध्ये तोवर एवढी रक्कम कोणासाठी दिली गेली नव्हती. त्या हंगामात संघ युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. सर्वत्र जयजयकार झाला. संचालकांनी असा अंदाज बांधला की, ह्या स्पर्धेतील प्रवेश व त्याचे उत्पन्न दरवर्षी मिळत राहील. त्या भरवशावर आणखी खेळाडू आले, पगार वाढले, आणि भावी काळातील तिकीटविक्रीचे उत्पन्न तारण ठेवून सुमारे ६ कोटी पौंडांचे कर्ज काढण्यात आले.

परंतु २००१ साली देशी लीगमध्ये लीड्स चौथा आला. तिसऱ्या क्रमांकावरील लिव्हरपूलहून त्याला एकच गुण कमी पडला, आणि त्या एका गुणापायी चॅम्पियन्स लीगचे दार बंद झाले. पुढल्या वर्षी पाचवा क्रमांक. उत्पन्न आटले, पण करार पाच-पाच वर्षांचे; पगार व व्याज कोणाच्या पराभवासाठी थांबत नाहीत. मग विक्रीला आरंभ झाला. २००२ साली फर्डिनंड सुमारे ३ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडकडे गेला. हा सौदा तरी लाभाचा होता. पण गरजू विक्रेत्याला बाजारात किंमत मिळत नाही. १ कोटी २० लाखांना घेतलेला रॉबी कीन ७० लाखांना गेला. रॉबी फाउलरला विकताना तर त्याच्या पगाराचा काही हिस्सा लीड्सनेच भरण्याचे कबूल केले. म्हणजे विकलेल्या घोड्याला चंदी पहिल्या धन्यानेच घालावयाची! नंतर घरच्या मुलांवर पाळी आली. क्लबाच्या शाळेत तयार झालेला जोनाथन वुडगेट २००३ च्या जानेवारीत विकला गेला. लीड्स येथेच जन्मलेले अ‍ॅलन स्मिथ आणि जेम्स मिल्नर २००४ साली गेले, आणि त्यांपैकी स्मिथ गेला तो कट्टर प्रतिस्पर्धी मँचेस्टर युनायटेडकडे. त्याच वर्षी संघ वरच्या श्रेणीतून खाली घसरला व एलंड रोड हे मैदानही विकावे लागले. २००७ साली क्लबाचा कारभार दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेला, दहा गुण कापले गेले, आणि इतिहासात प्रथमच तो तिसऱ्या श्रेणीत उतरला. वरच्या श्रेणीत परत येण्यास २०२० साल उजाडले. मधली सोळा वर्षे त्या शहरातील लोक आपल्या मुलाबाळांना घेऊन, नवे कोरे फळे आणि अनोळखी नावे पाहत, त्याच मैदानावर जात राहिले. संचालक बदलले, खेळाडू पांगले. तोटा पदरात घेऊन जागच्या जागी राहिला तो प्रेक्षक.

ह्यावरून खरेदी-विक्री हाच मुळात वाईट धंदा, असे मात्र अनुमान काढू नये. पोर्तुगालचा बेन्फिका, नेदरलंड्सचा अयाक्स हे क्लब खेळाडू घडवून विकण्यावरच पुष्कळसे चालतात. इंग्लंडच्या ब्रायटन क्लबाने एक्वादोरचा मोइसेस कैसेदो २०२१ साली सुमारे ४५ लाख पौंडांना आणला व २०२३ साली तो चेल्सीला १० कोटी पौंडांना, शिवाय अटींवर आणखी काही रक्कम ठरवून, दिला. लीड्स व ब्रायटन ह्यांतील भेद एवढाच की, एकाने न मिळालेल्या उत्पन्नाच्या आशेवर खरेदी केली आणि दुसऱ्याने एक खेळाडू जाण्यापूर्वीच त्याच्या जागी दुसरा हेरून ठेवला. विकणे ज्याच्या मर्जीवर असते तो भाव ठरवितो. विकणे ज्याला भाग पडते त्याचा भाव दुसरे ठरवितात.

क्लबांना आवर घालावा म्हणून नियमही झाले आहेत, पण नियमांतून वाटा शोधणारेही असतातच. चेल्सीने २०२२-२३ च्या हंगामात सात-आठ वर्षांचे करार करून खरेदीची रक्कम अधिक वर्षांवर पसरविली; तेव्हा युरोपच्या फुटबॉल संघटनेने २०२३ साली हिशेबासाठी कमाल पाच वर्षांची मर्यादा घातली. त्याच वर्षी नॉटिंगहॅम फॉरेस्टने आपल्याच शाळेतील ब्रेनन जॉन्सन ह्याला विकण्यासाठी घाई न करता थांबून अधिक किंमत मिळविली. व्यापारदृष्ट्या हे शहाणपणाचेच होते. परंतु ३० जूनला हिशेबाचे वर्ष संपून गेल्यामुळे ती रक्कम पुढल्या वर्षात गेली, तोट्याची मर्यादा ओलांडली गेली आणि २०२४ च्या मार्चमध्ये संघाचे चार गुण कापले गेले. तोटा आवरण्यासाठी केलेला नियम घरचा मुलगा वेळेत विकण्यास भाग पाडतो, ही त्याची उणी बाजू होय.

एक नियम मात्र निःसंशय स्तुत्य आहे. करार चालू असताना खेळाडू मोबदला घेऊन एका देशातून दुसऱ्या देशात गेला, तर त्या रकमेचा पाच टक्क्यांपर्यंतचा भाग, तो बारा ते तेवीस वर्षांचा असताना ज्या ज्या क्लबांनी त्याला शिकविले, त्यांत वाटला जातो. कोटींच्या व्यवहारातील हा लहानसा वाटा एखाद्या गावच्या क्लबाला कित्येक वर्षे पुरतो. झाड ज्याने लावले त्याला फळातले काही मिळावे, हा न्याय येथे तरी पाळला गेला आहे.

तेव्हा ह्यापुढे अशी एखादी मोठी रक्कम वाचण्यात आली की, तिच्या आकड्याने दिपून जाऊ नये. करार किती वर्षांचा आहे, पैसे हप्त्यांनी द्यावयाचे की रोख, आणि ते हाती असलेल्या उत्पन्नातून येणार की पुढील हंगामातील विजयातून, एवढे पाहावे. पहिल्या दोहोंची उत्तरे वहीत सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मैदानावर ठरते, आणि तेथे एका गुणाचीही हमी कोणी देऊ शकत नाही.